भिंतीआडून आलेलं गाणं

 

आजचा विषय लांबचा आहे, पण तो सुचला इथेच. मागच्या महिन्यात आम्ही गटांच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून घेत होतो. एक आजी आल्या. भिंतीला टेकून बसल्या आणि तासभर थांबल्याच नाहीत. आम्ही सगळ्या ऐकतच राहिलो. गाणं संपलं, वही उघडली आणि आमच्यातल्या मुलीने विचारलं, "आजी, पूर्ण नाव सांगा." आजींनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "नाव कशाला बाई? आवाज घेतलास ना, बास झालं. भावकीत कुणी काही बोलायला नको."

आम्ही आग्रह केला नाही. पण ती गोष्ट मनात राहिली. आवाज द्यायला आजी तयार, नाव द्यायला नाहीत. रेडिओवर असंच असतं. आमचा चेहरा तुम्हाला दिसत नाही, फक्त आवाज पोहोचतो. चेहरा झाकून नुसता आवाज बाहेर पाठवणाऱ्या बायका फार पूर्वीही होऊन गेल्या. आम्ही त्यांच्याबद्दल वाचलं, मोबाईलवर त्यांची गाणी ऐकली, आणि आज त्यांचीच हकिगत सांगणार आहोत.

इटली नावाचा देश, त्यात मिलान नावाचं मोठं शहर. काळ साधारण पावणेचारशे वर्षांपूर्वीचा. आपल्याकडे शिवाजी महाराज वीस वर्षांचे होते, तेव्हाचा. मिलानवर त्या वेळी स्पेनच्या राजाचं राज्य होतं. शहराच्या मधोमध भलंमोठं चर्च आहे, त्याला दुओमो म्हणतात. त्याला लागूनच बायकांचा एक मठ होता, सांता रादेगोंदा. आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हटलं की इंग्रजी शाळा डोळ्यापुढे येते. पण कॉन्व्हेंट म्हणजे मुळात नन्सचा, म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या संन्यासिनींचा मठ.

या मठांमध्ये एवढ्या मुली जायच्या कशा? सगळ्यांनाच देवाची ओढ होती का? काहींना नक्कीच होती. पण दुसरं एक कारण होतं, ते ऐकून तुम्हाला नवल वाटणार नाही. ते कारण म्हणजे हुंडा. इटलीतल्या श्रीमंत घराण्यांत लग्नाचा हुंडा इतका वाढला होता की दोन-तीन मुलींची लग्नं म्हणजे घराची मालमत्ताच वाटून जायची. मठात मुलगी पाठवायची तरी हुंडा लागायचाच, कारण नन ही देवाची वधू मानली जायची. पण तो लग्नाच्या हुंड्यापेक्षा पुष्कळ कमी असायचा. मग एका मुलीचं लग्न लावायचं आणि बाकीच्यांना मठात पाठवायचं, असा हिशोब घरोघरी चालायचा. व्हेनिस शहरात आर्कांजेला ताराबोत्ती नावाची एक नन होऊन गेली, १६०४ ते १६५२ या काळात. इच्छा नसताना मुलींना मठात कोंडणाऱ्या बापांवर तिने पुस्तक लिहिलं आणि या प्रकाराला बापांचा जुलूम म्हटलं. ते पुस्तक तिच्या मृत्यूनंतर १६५४ साली छापलं गेलं. म्हणजे या बायकांना सगळं कळत होतं. त्यांच्यातलीच एक ते लिहूनही गेली.

मठात एकदा शपथ घेतली की बाहेर पडणं बंद. १५६३ साली ख्रिस्ती धर्मगुरूंची एक मोठी परिषद संपली. ती त्रेंत या गावी भरत असे. तिथे ननांच्या कोंडवासाचा नियम पुन्हा कडक केला गेला. आईबाप भेटायला आले तरी मधे जाळी असायची. मठाच्या चर्चचे दोन भाग असायचे. पुढच्या भागात गावचे लोक, मागच्या भागात नन, आणि मधे भिंत. असं एक चर्च मिलानमध्ये आजही उभं आहे. त्याचं नाव सान मौरिझिओ. भिंतीच्या एका बाजूला लोकांचा हॉल, दुसऱ्या बाजूला ननांचा हॉल आणि ननांच्याच हॉलमध्ये १५५४ साली बसवलेला मोठा ऑर्गन. ऑर्गन म्हणजे नळ्यांमधून हवा सोडून वाजणारी भलीमोठी पेटीच म्हणा. लोकांना नन दिसायच्या नाहीत. भिंतीतल्या जाळीतून आणि भिंतीच्या वरून फक्त त्यांचं गाणं ऐकू यायचं.

आता यातली खरी गंमत ऐका. त्या काळी कॅथलिक चर्चमध्ये बायकांनी गाऊ नये असा दंडक होता. बाईने देवळात गप्प राहावं, हे त्यांच्या धर्मग्रंथातलं वचन पुढे केलं जायचं. मग गाण्यातला उंच, बारीक आवाज कोण गायचं? लहान मुलं गायची. नाहीतर असे पुरुष गायचे, ज्यांचा आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच त्यांच्यावर शस्त्रक्रिया केलेली असायची. बाईचा आवाज चर्चच्या प्रार्थनेत यायचा तो एकाच ठिकाणी, मठात. जिथे तिला कोंडलं, तिथेच तिला गाता आलं. याला सुख म्हणायचं की दुःख, ते आम्ही ठरवू शकत नाही. पण त्या बायकांनी मिळालेली जागा वाया घालवली नाही, एवढं आम्हाला दिसलं.

त्यांच्यातलीच एक आपल्या आजच्या गोष्टीची नायिका. जन्म २७ नोव्हेंबर १६०२, मिलान शहर, घर पैसेवाल्या व्यापाऱ्याचं. बारशाचं नाव मार्गारिता. आडनाव कोत्सोलानी. सतरा-अठरा वर्षांची असताना ती सांता रादेगोंदा मठात आली आणि १६२० साली तिने शपथ घेतली. तिच्या घरातल्या आणखीही बायका या मठात होत्या. शपथ घेताना नवं नाव मिळायचं, आपल्याकडे लग्नात बदलतात तसं. तिला कियारा हे नाव मिळालं. पण जुनं नाव पुसलं गेलं नाही. कियारा मार्गारिता कोत्सोलानी असं सगळं नाव तिने पुढे लावलं. कियारा म्हणजे स्वच्छ, उजळ. मार्गारिता म्हणजे मोती.

१६३० साली मिलानमध्ये प्लेगची भयंकर साथ आली आणि शहर ओस पडलं. त्या साथीनंतरच्या वर्षांत कियाराबाई गाणी रचू लागल्या. आणि नुसत्या रचून थांबल्या नाहीत. त्यांनी ती छापली. पहिलं पुस्तक १६४० साली आलं. त्याच्या नावाचा अर्थ 'सुरांच्या फुलांचा वसंत'. दुसरं १६४२ साली व्हेनिसला छापलं. ते त्यांनी मेदिची या बड्या घराण्यातल्या मात्तियास नावाच्या राजपुत्राला अर्पण केलं. तिसरं १६४८ साली, एका आवाजात गायच्या भक्तिगीतांचं. आणि चौथं, सगळ्यात मोठं, १६५० साली, पुन्हा व्हेनिसला. त्यात आठ आवाजांसाठी बांधलेली स्तोत्रं आहेत. दहा वर्षांत चार पुस्तकं. मठाचा उंबरा न ओलांडता. बाई आत, पण तिचं गाणं गाडीत बसून व्हेनिसच्या छापखान्यात पोहोचत होतं आणि वर तिचं नाव ठळक छापलेलं होतं.

आठ आवाज म्हणजे काय, ते जरा समजून घेऊ. आपण आरती म्हणतो तेव्हा सगळ्या एकाच चालीत म्हणतो. इथे तसं नाही. आठ जणींच्या आठ वेगळ्या चाली, पण अशा बसवलेल्या की एकमेकींत मिसळून जातात. चार जणी एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला. इकडच्या विचारतात, तिकडच्या उत्तर देतात, मग आठही जणी एकदम उठवतात. भोंडल्याला आपण कशा दोन बाजूंनी म्हणतो, ते आठवलं आम्हाला. फरक एवढाच की इथे प्रत्येकीची ओळ वेगळी आणि ती आधी लिहून ठेवलेली.

यात एक अडचण होती. असं संगीत चार थरांचं असतं. वरचे दोन थर बारीक आवाजाचे, खालचे दोन जाड आवाजाचे. खालचे थर पुरुष गायचे. मठात पुरुष कुठून आणणार? मग ज्या ननांचा आवाज मुळातच भरदार असायचा, त्या तिसरा थर गायच्या. सगळ्यात खालची ओळ कधी वरच्या पट्टीत नेऊन गायची, कधी ऑर्गनवर किंवा दुसऱ्या वाद्यावर वाजवायची. छापताना मात्र कियाराबाईंनी पुरुषांच्या ओळीसुद्धा लिहिल्या, म्हणजे बाहेरच्या चर्चमधल्या गायकांनाही पुस्तक घेऊन गाता यावं. आपला माल गावाबाहेरही खपला पाहिजे, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

ही गाणी मुख्यतः सांजेच्या प्रार्थनेची. भाषा लॅटिन, शब्द बायबलमधले. १६५० च्या पुस्तकात एक स्तोत्र आहे, देवाला भिऊन वागणारा माणूस सुखी होतो अशा अर्थाचं. ते कियाराबाईंनी सवाल-जवाबासारखं बांधलं आहे. एक बाजू विचारते, दुसरी सांगते. त्याच पुस्तकात मेरीमातेचं गीत दोन वेगवेगळ्या चालींत आहे. पोटुशी असताना मेरी जे गाते, ते. देव गर्विष्ठांना गादीवरून खाली ओढतो आणि गरिबाला वर उचलतो, भुकेल्याचं पोट भरतो, असा त्या गाण्याचा आशय आहे. बाईच्या तोंडचं गाणं, बाईने बांधलेलं, बायकांनी गायलेलं.

आम्हाला सगळ्यात भावलं ते मग्दालिया मरियेचं. येशूला पुरलं होतं, ती सकाळी कबरीपाशी येते तर कबर रिकामी. ती रडत उभी राहते. देवदूत विचारतात, बाई, का रडतेस? या दोघांचा संवाद कियाराबाईंनी बांधला आहे. आम्हाला लॅटिनचा एक शब्द कळत नाही. पण रडणारी कोण आणि समजूत घालणारे कोण, ते नुसतं ऐकून कळलं. आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "ही तर मयताला आलेल्या माहेरवाशिणीसारखी गाते."

असं गाणं शहरात गाजल्याशिवाय राहील का? सांता रादेगोंदाच्या नन ऐकायला लोक लोटायचे. मिलानला आलेले पाहुणेही मुद्दाम यायचे. १६७० साली फिलिप्पो पिचिनेल्ली नावाच्या लेखकाने मिलानच्या विद्वानांची ओळख करून देणारं पुस्तक लिहिलं. त्यात त्याने या ननांना इटलीतल्या उत्तम गायिकांमध्ये गणलं. काळे झगे घालतात, पण गातात तेव्हा हंस वाटतात, असं त्याचं म्हणणं. आणि कियाराबाईंच्या नावावर त्याने कोटी केली. नावाने उजळ, गुणांनी त्याहून उजळ, आणि खरोखरीचा मोती.

पण कौतुक करणारे होते तसे नाराज होणारेही होते. मिलानच्या सगळ्या चर्चवर आर्चबिशपची सत्ता चालायची. आधीचे एक आर्चबिशप, फेदेरिको बोर्रोमेओ, यांनी मठातल्या गाण्याला उत्तेजन दिलं होतं. १६५२ साली अल्फोन्सो लित्ता त्या गादीवर आले. त्यांना हे पटेना. ननांनी साधं गावं, बाहेरच्यांशी भेटीगाठी कमी कराव्यात, मठात गाण्याचं हे एवढं प्रस्थ नको, असं त्यांचं मत. त्यांनी बंधनं आणायला सुरुवात केली. आणि याच काळात, १६५८-५९ मध्ये, मठाच्या प्रमुखपदी कोण होतं? कियारा मार्गारिता कोत्सोलानी. १६७२-७३ मध्ये पुन्हा त्याच. म्हणजे गाणी रचणारी बाई आता मठाचा कारभार पाहत होती, हिशोब, शिस्त, भांडणं, वरून येणारे हुकूम, सगळं. आपल्या गटाच्या अध्यक्षांना विचारा, या खुर्चीवर बसून आणखी काही करायला वेळ राहतो का! १६५० नंतर कियाराबाईंचं एकही नवं पुस्तक निघालं नाही. पण मठातलं गाणं बंद पडलं नाही. आर्चबिशपांच्या बंधनांना नन पुरून उरल्या आणि त्यांची कीर्ती पुढेही टिकली. कियाराबाई १६७६ ते १६७८ च्या दरम्यान, पंचाहत्तरीच्या आसपास वारल्या.

आता पुढे काय झालं, ते ऐका. अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी सरकारने पुष्कळ मठ बंद केले. त्यात सांता रादेगोंदाही गेला. मठाच्या जागी नाटकगृह आलं. तेही गेलं आणि १८८३ साली तिथे वीज तयार करण्याचं केंद्र उभं राहिलं, युरोपातल्या अगदी पहिल्या केंद्रांपैकी एक. त्या विजेवर मिलानचं प्रसिद्ध स्काला नाट्यगृह उजळलं. जिथे बायका गात होत्या, तिथे यंत्रं घरघरू लागली. आज तिथे सांता रादेगोंदा हे रस्त्याचं नाव तेवढं आहे.

आणि पुस्तकं? पहिल्या पुस्तकाची एकही प्रत आज हाती नाही. तिसऱ्याचं अर्धंच उरलं. त्या काळी प्रत्येक आवाजाची वही वेगळी छापायचे. एकीची वही एकीकडे, दुसरीची दुसरीकडे. तिसऱ्या पुस्तकाची गायची वही आहे, पण साथीची वही हरवली. गटाच्या कामात आपलंही असंच होतं. पासबुक सापडतं, पण कर्जाचं रजिस्टर सापडत नाही, मग हिशोब कसा लावायचा? दुसरं आणि चौथं पुस्तक मात्र टिकलं. आणि टिकलं म्हणून पुढचं घडलं. अमेरिकेतले इतिहासकार रॉबर्ट केंड्रिक यांनी मिलानच्या ननांच्या संगीतावर मोठा अभ्यास केला आणि १९९६ साली पुस्तक काढलं. इटलीतल्या बोलोन्या शहरात कँडेस स्मिथ या गायिकेने १९९१ साली फक्त बायकांचा एक गायकवृंद सुरू केला. त्या मठातली गाणी मठात गायची तशीच, पुरुषांशिवाय गातात. आज कियाराबाईंचं संगीत मोबाईलवर ऐकता येतं. तीनशे वर्षं गप्प राहिलेला आवाज पुन्हा बाहेर आला, कारण तो कागदावर होता आणि कागदावर नाव होतं.

आम्ही हे वाचत होतो तेव्हा एक गोष्ट राहून राहून टोचत होती. आठ ओळी एकटी बाई गाऊ शकत नाही. कियाराबाईंच्या बरोबर गाणाऱ्या, भरदार आवाजात खालचा थर सांभाळणाऱ्या, ऑर्गन वाजवणाऱ्या, नव्या मुलींना शिकवणाऱ्या कितीतरी जणी असतील. त्यांच्याशिवाय हे संगीत उभंच राहिलं नसतं. पण आज आपण ज्यांचं नाव घेऊन बोलतोय, त्या एकट्या कियाराबाई. का? त्या जास्त गुणी होत्या म्हणून, हे आहेच. पण त्यांनी लिहून ठेवलं, छापून घेतलं, नाव घातलं, हेही आहे. बाकीच्यांचं गाणं त्या त्या संध्याकाळी भिंतीवरून पलीकडे गेलं आणि हवेत विरलं.

आपल्या जात्यावरच्या ओव्यांचं काय झालं, ते वेगळं सांगायला नको. कुणी रचली, कुणाच्या आजीने, ते कुणालाच माहीत नाही. गिरणी आली आणि गाणंही थांबलं.

मागच्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्या आजींकडे गेलो. त्यांना कियाराबाईंची गोष्ट सांगितली, मोबाईलवर मग्दालिया मरियेचं गाणं लावलं. आजींनी डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "ह्या बाया आत कोंडलेल्या होत्या म्हणता, मग नाव छापलं तेव्हा घरचे काही बोलले नाहीत का?" आम्ही हसलो. आजी काही हसल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ठेवा माझं नाव. पण सासरचं नको. माझी आई गायची ती ओवी आहे, तर आईचं आणि माझं असं दोन्ही लिहा."

आम्ही लिहून घेतलं. मैत्रिणींनो, तुमच्या गटातही कुणी गाणारी असेल, औषधी पाला ओळखणारी असेल, गोधडीचे टाके जाणणारी असेल. पुढच्या बैठकीला वहीचं एक पान तिच्यासाठी काढा. तिची विद्या लिहा, ती कुणाकडून शिकली ते लिहा. आणि नाव लिहायच्या आधी तिला विचारा. नाव कोणतं लावायचं, ते तिचं तिने सांगावं.

पुढच्या वेळी भेटूच. तोवर नमस्कार.